ग्राहकाचा पैसा आणि गुंतवणूकदाराचा पैसा

या सदराकडे अलीकडे आलेली बरीचशी पत्रे स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्या स्त्रियांची आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारली आहे: वाढीसाठी बाहेरचे भांडवल घ्यावे का, आणि ते मिळत नसेल तर दोष कोणाचा? त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. नावे विनंतीवरून वगळली आहेत आणि पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : प्रयोगशाळांमधील मोजमापाच्या उपकरणांची तपासणी आणि देखभाल करण्याचा व्यवसाय मी सहा वर्षांपूर्वी सुरू केला. तिसऱ्या वर्षापासून तो नफ्यात आहे, अकरा माणसे कामाला आहेत आणि विक्री दर वर्षी साधारण २० टक्क्यांनी वाढते. गेल्या वर्षी मी तीन व्हेंचर कॅपिटल फंडांना, म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसा लावणाऱ्या निधींना, भेटले. तिघांनीही ‘व्यवसाय उत्तम आहे, पण आमच्यासाठी नाही’ असे सांगून निरोप दिला. माझ्या व्यवसायात नेमके काय कमी आहे?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून तरी काही कमी दिसत नाही. तुमचे आणि त्या फंडांचे गणित एकमेकांशी जुळत नाही, एवढेच घडले आहे, आणि ते का जुळत नाही हे पाहायचे तर घटकाभर टेबलाच्या त्यांच्या बाजूला बसावे लागेल.

व्हेंचर फंड चालवणाऱ्यांचा स्वतःचा पैसा त्या फंडात थोडाच असतो. निवृत्तिवेतन निधी, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी, धनाढ्य कुटुंबे यांच्याकडून ते पैसा गोळा करतात आणि तो साधारण १० वर्षांत, फार तर एकदोन वर्षांच्या वाढीव मुदतीत, परत करण्याचे बंधन पत्करतात. दर वर्षी सुमारे २ टक्के व्यवस्थापन शुल्क आणि अखेरच्या नफ्यात २० टक्के वाटा ही त्यांची रूढ कमाई असते. पैसा लावलेल्या कंपन्यांपैकी पुष्कळशा मुद्दलही परत करत नाहीत, आणि सगळ्या फंडाचे भले होते ते दोनतीन कंपन्यांच्या जोरावर. ही रीत या धंद्याच्या जन्मापासूनची आहे. १९४६ साली बोस्टनमध्ये जॉर्ज डोरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही आधुनिक व्हेंचर कॅपिटलची आद्य संस्था मानली जाते. तिने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर गुंतवले, आणि त्या एका गुंतवणुकीच्या यशापुढे तिच्या बाकीच्या गुंतवणुकी झाकोळून गेल्या. तेव्हापासून हा धंदा अपवादाच्या शोधात आहे.

आता हिशेब मांडू. समजा, फंड १०० कोटींचा आहे. त्याने तुमच्या कंपनीत २० टक्के हिस्सा घेतला आणि भांडवल उभारणीच्या पुढच्या फेऱ्यांत नवे भागधारक आल्यामुळे तो पातळ होत १० टक्क्यांवर आला. या एका गुंतवणुकीतून फंडाचे सगळे मुद्दल परत यायचे, तर तुमची कंपनी १,००० कोटींना विकली गेली पाहिजे. वर्षाला २० टक्क्यांनी वाढणारा व्यवसाय १० वर्षांत सहापटीहून किंचित मोठा होतो. तुमच्यासाठी आणि त्या अकरा घरांसाठी ही फार मोठी मजल आहे, परंतु ज्याला पहिल्या काही वर्षांत दर वर्षी दुपटी-तिपटीने वाढणारी कंपनी हवी आहे, त्याच्या वहीत ती मजल नोंदवण्याजोगीही नसते. ‘उत्तम आहे, पण आमच्यासाठी नाही’ हे वाक्य बहुधा गुळमुळीत म्हणून बोलले जाते. तुमच्या बाबतीत ते शब्दशः खरे होते.

समजा, त्यांपैकी एकाने होकार दिला असता, तर काय झाले असते याचाही विचार करून पाहा. २० टक्क्यांची वाढ १०० टक्क्यांवर नेण्यासाठी तुम्हाला वर्षभरात दहाबारा नवे तंत्रज्ञ घ्यावे लागले असते. उपकरण अचूक तपासणारा माणूस तयार व्हायला वेळ लागतो, आणि तुमचा ग्राहक तुम्हाला पैसे देतो ते त्या अचूकतेचेच. अर्धवट तयार माणसे ग्राहकांकडे धाडली, की सहा वर्षांत कमावलेला विश्वास सहा महिन्यांत जातो. काही व्यवसाय पैशाच्या अभावी हळू वाढतात आणि काही त्यांच्या स्वभावामुळे हळू वाढतात. दुसऱ्या प्रकारच्या व्यवसायात पैसा ओतला, तर वेग वाढण्याऐवजी चुका वाढतात.

तुमच्याकडे भांडवलाचा एक स्रोत मात्र आधीच आहे आणि पत्रावरून तुम्ही तो पुरता वापरलेला दिसत नाही. देखभालीचे वार्षिक करार करा आणि वर्षाचे शुल्क आगाऊ देणाऱ्याला थोडी सवलत द्या. हे बिनव्याजी आणि बिनहिश्शाचे भांडवल असते. एक पथ्य अवश्य पाळा: आगाऊ आलेला पैसा ही तुमच्यावरची देणी आहे, म्हणून जेवढ्या महिन्यांची सेवा देऊन झाली तेवढाच पैसा आपला समजा आणि उरलेला वेगळ्या खात्यात ठेवा. नव्या यंत्रसामग्रीसाठी यंत्रच तारण ठेवून मुदतीचे कर्ज घेता येते. नियमित उत्पन्न असलेल्या व्यवसायाला काही ठिकाणी विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी फेडायचे कर्जही मिळते, त्यात विक्री घटलेल्या महिन्यात हप्ताही घटतो. व्याज डोळ्यांना दिसते म्हणून महाग वाटते. हिस्सा विकल्याची किंमत बऱ्याच वर्षांनी कळते आणि ती बहुधा व्याजाहून पुष्कळ मोठी निघते.

प्रश्न : स्त्रियांना भांडवल कमी मिळते याचे कारण भेदभाव आहे, की आम्ही मोठे मागायला कचरतो? माझे भागीदार दुसरे कारण खरे मानतात.

उत्तर : तुमच्या भागीदारांना पुढील गोष्टी वाचून दाखवा. अमेरिकेतील व्हेंचर भांडवलाच्या वार्षिक नोंदींत, संस्थापक केवळ स्त्रियाच असलेल्या कंपन्यांचा वाटा गेली कित्येक वर्षे सुमारे २ टक्क्यांच्या आसपास घुटमळत आहे. हा आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही, कारण मागणाऱ्याच कमी असतील असे कोणीही म्हणू शकेल. म्हणून प्रयोगांकडे पाहावे लागते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲलिसन वुड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच व्यवसायाचे तेच सादरीकरण, शब्दही न बदलता, काहींना पुरुषाच्या आणि काहींना स्त्रीच्या आवाजात ऐकवले. पैसा कुणाला द्याल असे विचारल्यावर सुमारे ६८ टक्के लोकांनी पुरुषाच्या आवाजातील व्यवसाय निवडला. येथे मागणी तीच होती, शब्द तेच होते आणि कचरण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरा अभ्यास मला याहून उपयोगी वाटतो, कारण त्यातून काही करता येण्याजोगे हाती लागते. डाना कान्झे आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील एका नामांकित स्टार्टअप स्पर्धेतील प्रश्नोत्तरे तपासली. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के प्रश्न पुढच्या झेपेविषयीचे होते: ग्राहक कसे मिळवाल, किती मोठे व्हाल? स्त्रियांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६६ टक्के प्रश्न जपणुकीविषयीचे होते: ग्राहक टिकतील का, तोटा कधी थांबेल, कोणी नक्कल केली तर काय कराल? विशेष म्हणजे असे प्रश्न विचारण्यात स्त्री गुंतवणूकदारही मागे नव्हत्या. प्रश्न जपणुकीचा असला, की उत्तरही जपणुकीचेच येते आणि ऐकणाऱ्याच्या मनात एका सावध, छोट्या व्यवसायाचे चित्र उभे राहते. ज्यांनी अशा प्रश्नाला थोडक्यात उत्तर देऊन बोलणे वाढीकडे वळवले, त्यांनी प्रश्नाच्या चौकटीतच राहणाऱ्यांपेक्षा कित्येक पट अधिक भांडवल उभे केले. ‘ग्राहक टिकतील का?’ या प्रश्नाला ‘हो, टिकतात’ एवढेच सांगून थांबू नका. टिकलेला ग्राहक दुसऱ्या वर्षी किती अधिक खरेदी करतो आणि त्यामुळे बाजारपेठ किती मोठी होते, हे त्याच दमात सांगा.

भागीदारांसाठी शेवटची एक गोष्ट. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने २०१८ मध्ये ३५० नवउद्योगांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात स्त्रियांनी स्थापलेल्या वा सहस्थापलेल्या कंपन्यांना सरासरी ९ लाख ३५ हजार डॉलर आणि पुरुषांच्या कंपन्यांना २१ लाख डॉलर मिळाले होते. प्रत्येक डॉलरमागे उत्पन्न मात्र पहिल्या गटात ७८ सेंट आणि दुसऱ्यात ३१ सेंट होते. यावरून स्त्रिया जात्याच अधिक कार्यक्षम असतात असा निष्कर्ष मी काढणार नाही. ज्याला कमी मिळते तो काटकसर शिकतो, आणि ज्या स्त्रियांना अधिक कडक चाळणीतून जावे लागते त्या निवडक असतात, ही दोन कारणेही तितकीच संभवतात. पण स्त्रियांना दिलेला पैसा वाया जातो, ही समजूत तरी या आकड्यांपुढे टिकत नाही.

प्रश्न : ‘बाहेरचे भांडवल नकोच, ग्राहकांच्या पैशावर वाढा’ असा सल्ला स्त्रियांना सर्रास दिला जातो. दार बंद करायचे आणि वर, बाहेरच बरे आहे असे सांगायचे, असा हा प्रकार नाही का?

उत्तर : पुष्कळदा तसाच असतो, आणि हा सल्ला देणाऱ्यांत मीही असल्यामुळे हा प्रश्न मला टोचला. सल्ला खरा की खोटा हे ठरवण्याची माझी कसोटी अशी: हाच सल्ला तुमच्यासारखाच व्यवसाय असलेल्या पुरुषाला दिला जाईल का? उपकरण देखभालीच्या व्यवसायाविषयी मी वर जे लिहिले, ते कोणाही पुरुषाला तसेच लिहिले असते. औषध संशोधनासारख्या व्यवसायात पहिली विक्री होण्याआधी अनेक वर्षे खर्चच होत राहतो. काही व्यवसाय वापरणारे जितके वाढतील तितके उपयुक्त होतात आणि तेथे आधी पोचणाऱ्यालाच बाजार मिळतो. अशा ठिकाणी एखाद्या स्त्रीला ‘हळूहळू वाढा’ सांगणे म्हणजे तिला हरण्याचा सल्ला देणे होय.

आणि हे दोन्ही मार्ग एकाच व्यक्तीच्या आयुष्यात येऊ शकतात. मेलनी पर्किन्स यांनी क्लिफ ओब्रेख्त यांच्यासह २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे शाळांची वार्षिक स्मरणपुस्तके ऑनलाइन तयार करून देण्याचा व्यवसाय सुरू केला. तो ग्राहकांच्या पैशावर चालत होता. कोणालाही कसलीही मांडणी करता यावी असे साधन बनवण्याची मोठी कल्पना मात्र त्या पैशात मावणारी नव्हती. त्यासाठी त्यांनी शंभराहून अधिक गुंतवणूकदारांचे नकार पचवले आणि २०१३ मध्ये ते साधन, कॅन्व्हा, वापरकर्त्यांसाठी खुले झाले. मला या कथेत नकारांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे वाटते ते असे की गुंतवणूकदारांसमोर बसताना त्यांच्या मागे एक चालता व्यवसाय होता, पैसे देणारे ग्राहक होते आणि ती गरज खरी आहे याचा पुरावा होता.

उलट टोकाचे उदाहरण सारा ब्लेकली यांचे. त्यांनी ५,००० डॉलरच्या स्वतःच्या बचतीतून स्पॅन्क्स ही कपड्यांची कंपनी उभी केली आणि जवळपास दोन दशके एकही हिस्सा न विकता चालवली. २०२१ मध्ये बहुसंख्य हिस्सा त्यांनी ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीला विकला तेव्हा कंपनीचे मूल्य १.२ अब्ज डॉलर ठरले होते. कधी विकायचे आणि कोणाला, हे ठरवताना त्यांच्या मानेवर कोणत्याही फंडाच्या मुदतीचे ओझे नव्हते. एका अब्जाधीशावरून सर्वांसाठी नियम काढू नये हे खरे, परंतु मालकी हातात असली की वेळ आपली असते, एवढे त्यातून दिसते.

प्रश्न : मला गुंतवणुकीचा प्रस्ताव आला आहे: २० टक्के हिश्श्यासाठी १० कोटी. त्यातील ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ हे कलम कळले नाही. वकील म्हणतात, ते नेहमीचेच असते.

उत्तर : नेहमीचे असते, पण त्याचे प्रकार असतात आणि सगळा फरक त्या प्रकारांत आहे. कंपनी विकली गेली तर आधी पैसे कोणी घ्यायचे, हे ते कलम ठरवते. तुमच्या प्रस्तावावरून कंपनीचे मूल्य ५० कोटी धरले आहे. समजा, तीनचार वर्षांनी ती ३० कोटींना विकली गेली. साध्या प्रकारात गुंतवणूकदार आपले १० कोटी किंवा आपला २० टक्के वाटा, म्हणजे ६ कोटी, यांपैकी मोठी रक्कम उचलतो. तो १० घेईल आणि बाकीच्यांना २० उरतील. ‘पार्टिसिपेटिंग’ प्रकारात तो आधी १० घेतो आणि उरलेल्या २० मधले २० टक्के, म्हणजे ४, पुन्हा घेतो. बाकीच्यांना १६ उरतात. ‘दुप्पट’ असे लिहिले असेल तर तो आधीच २० उचलून मोकळा होतो. पहिला प्रकार मान्य करायला हरकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर वाटाघाट करा, त्यासाठी मूल्यांकन थोडे कमी घ्यावे लागले तरी चालेल, कारण मूल्यांकन वर्तमानपत्रात छापून येते आणि कलम विक्रीच्या दिवशी लागू होते.

त्याच कागदात संचालक मंडळावरील जागा आणि नकाराधिकार कोणकोणत्या बाबींत आहे तेही पाहा. आणि पुढच्या फेऱ्यांचा अंदाज आजच मांडा: २०, २० आणि १५ टक्क्यांच्या तीन फेऱ्या झाल्या, की जुन्या मालकांकडे ५४.४ टक्के उरतात, आणि कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के बाजूला ठेवले की ४९ टक्क्यांच्याही किंचित खाली. वकिलांना हे कलम तुमच्या आकड्यांत मांडून दाखवायला सांगा. ते मांडता येत नसेल तर दुसरे वकील शोधा.

प्रश्न : विक्री वर्षभरात दुप्पट झाली, हिशेबात नफाही आहे, तरी महिन्याच्या शेवटी पगाराला पैसे नसतात. चूक कुठे होते आहे?

उत्तर : चूक वाढीच्या वेगात आणि उधारीच्या मुदतीत आहे. तुम्ही पुरवठादाराला १५ दिवसांत पैसे देता आणि ग्राहक तुम्हाला ६० दिवसांनी देतो, असे पत्रात लिहिले आहे. म्हणजे दीड महिन्याचा खर्च कायम तुमच्या खिशातून अडकलेला असतो. महिन्याची विक्री १० लाख आणि तिचा खर्च ८ लाख असेल तर अडकलेली रक्कम १२ लाख होते. विक्री दुप्पट झाली की ती २४ लाख होते. वाढीव १२ लाख कोठून आणायचे? जुन्या दराने महिन्याला २ लाख उरत होते, म्हणजे सहा महिन्यांचा नफा केवळ ही दरी बुजवण्यात गेला. नफ्यातले व्यवसाय बुडतात ते बहुधा याच दरीत. कित्येक वर्षे लोकांच्या वह्या तपासताना मी तोट्यामुळे बंद पडलेल्या व्यवसायांइतकेच येणी न आल्यामुळे बंद पडलेले व्यवसाय पाहिले आहेत.

म्हणून आधी मुदती बदला. नव्या ग्राहकाकडून काही रक्कम आगाऊ घ्या, बिल काम संपल्याच्या दिवशी पाठवा (महिनाअखेरीची वाट पाहणे ही सवय नुसती महागच असते), आणि सर्वांत उशिरा पैसे देणाऱ्या दोन ग्राहकांकडून पुढची मोठी ऑर्डर घेण्याआधी जुनी येणी मागा. उरलेल्या दरीसाठी बँकेचे खेळते भांडवल घ्या. ही दरी भरण्यासाठी हिस्सा विकू नका. तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, ‘मी स्वतः पगार घेत नाही, म्हणून नफा दिसतो.’ तुमचे काम बाहेरच्या व्यवस्थापकाकडून करून घ्यायला जेवढा पगार द्यावा लागला असता, तेवढा नफ्यातून वजा करून पुन्हा बेरीज करा. उत्तर ऋण आले तर तुमच्या ग्राहकांना तुम्ही आपल्या श्रमांतून सवलत देत आहात आणि दर वाढवण्याची वेळ आली आहे.

प्रश्न : व्यवसाय माझ्या नावावर, कागदपत्रे पूर्ण, तरी कर्जासाठी पतीची हमी मागितली जाते. हे सगळीकडेच असते का?

उत्तर : असते, आणि जुने आहे. अमेरिकेत काही राज्यांत स्त्रीने व्यवसायासाठी कर्ज मागितले तर पुरुष नातेवाइकाची सही मागता येत असे. ती तरतूद १९८८ च्या स्त्री व्यवसायमालकी कायद्याने हटवली. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ मध्ये एका गॅरेजमधून बायोकॉन ही जैवतंत्रज्ञान कंपनी सुरू केली, तेव्हा बँका त्यांना कर्ज द्यायला तयार नव्हत्या; पुढे २००४ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात दाखल झाली. तुम्ही एवढेच करा: हमीची मागणी लेखी मागा आणि अशाच व्यवसायाच्या पुरुष मालकाकडून पत्नीची हमी मागितली जाते का, हेही लेखीच विचारा. पुष्कळदा दुसऱ्या पत्राला उत्तर येण्याआधीच पहिली मागणी मागे घेतली जाते. घेतली नाही, तर ते पत्र हाती ठेवून दुसऱ्या बँकेकडे जा.

प्रश्न : पंधरा वर्षे व्यवसाय चालवला. आता तो माझ्यानंतरही टिकावा असे वाटते. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सुरुवात तीन आठवड्यांच्या सुटीने करा, आणि त्या काळात फोन बंद ठेवा. परत आल्यावर जे जे अडून राहिले असेल त्याची यादी लिहा. एखादा दर ठरवणे, एका जुन्या ग्राहकाशी बोलणे, एका मालाची प्रत ओळखणे, अशी पाचसात कामे त्यात निघतील आणि ती केवळ तुम्हालाच येत असतील. त्यांतले एक काम दर तिमाहीला दुसऱ्या कोणाला शिकवा, लिहून ठेवा आणि त्याने केलेल्या पहिल्या दोन चुका सहन करा. विक्रीतला सर्वांत मोठा ग्राहक एकूण विक्रीच्या किती टक्के आहे तेही याच बैठकीत पाहा. एकच ग्राहक निम्मी विक्री देत असेल तर वारसदार शोधण्याआधी दुसरा ग्राहक शोधावा लागेल. वर्षभराने पुन्हा तीन आठवडे जा आणि नवी यादी मला पाठवा.